दूरदेशीचे रण आणि श्रावकाचे व्रत



स्वाध्याय मंडळात निघालेला एक वाद एका वाचकबंधूंनी पत्राने कळविला आहे आणि त्यावर या सदरातून लिहावे, असा आग्रह धरला आहे. प्रश्न असा: दूरच्या एखाद्या देशात एखादी सशस्त्र अतिरेकी टोळी निरपराध लोकांचे हातपाय तोडीत असेल, गावेच्या गावे जाळीत असेल, तर तेथे आपल्या देशाने सैन्य धाडावे काय? आणि अहिंसा अणुव्रत घेतलेल्या श्रावकाने त्याला संमती द्यावी काय? मंडळात दोन तट पडले. एक तट म्हणाला, हिंसा ती हिंसाच. दुसऱ्याच्या घरच्या आगीत आपण तेल ओतू नये. दुसरा म्हणाला, आग विझवायला जाणे म्हणजे तेल ओतणे नव्हे. वाद मिटला नाही. बरे झाले, असले वाद घाईने मिटू नयेत.

नगरच्या माणसाला हा प्रश्न परका नाही. आपल्या शहराला आता अहिल्यानगर म्हणावयाचे, पण लष्कराच्या नकाशावरील त्याचे स्थान तेच आहे. रणगाडा दलाचे केंद्र येथे, यांत्रिक पायदळाचे केंद्र येथे, आणि खारे कर्जुन्याच्या के. के. रेंजवरील तोफांचे धमाके आसपासच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे. कापडबाजारात गठ्ठे उलगडणारा व्यापारी आणि जामखेड रस्त्याने कवायतीला जाणारा जवान एकाच गावचे पाणी पितात. भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरूंनी जो ग्रंथ लिहिला, त्यातही काँग्रेस आणि अहिंसा या विषयाची चर्चा आहे. परचक्र आले असता देशाच्या रक्षणासाठीसुद्धा शस्त्र उचलू नये, ही गांधीजींची भूमिका काँग्रेसच्या कार्यकारिणीला १९४० साली मान्य करता आली नव्हती. त्या मतभेदाचे स्मरण ग्रंथकर्त्याने आपल्याच गावच्या तटबंदीआड बसून केले.

चर्चा हवेत राहू नये म्हणून मी एक घडलेले उदाहरण घेतो. या उदाहरणाचा एक धागा नगरच्या यांत्रिक पायदळापर्यंत पोहोचतो आणि दुसरा आपल्या समाजाच्या व्यापारापर्यंत.

पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओन नावाचा छोटा देश आहे. मार्च १९९१ मध्ये तेथे 'क्रांतिकारी संयुक्त आघाडी' नावाच्या टोळीने बंड पुकारले. फोडे सांको हा तिचा म्होरक्या. नाव क्रांतीचे असले तरी लवकरच या टोळीचे खरे लक्ष पूर्वेकडील कोनो जिल्ह्यातील हिऱ्यांकडे वळले. तेथील हिरा पुष्कळसा नदीच्या गाळात व वाळूच्या थरात सापडतो. त्याला खोल खाण लागत नाही, मोठे यंत्र लागत नाही. फावडे, चाळणी आणि राबणारे हात पुरतात. म्हणूनच तो लुटारूला सोयीचा. गावकऱ्यांना बंदुकीच्या धाकाने गाळ उपसायला लावायचे, खडे गोळा करायचे, ते शेजारच्या लायबेरियात न्यायचे आणि मोबदल्यात शस्त्रे आणायची, असा हा क्रम होता. लायबेरियातून निर्यात होणाऱ्या हिऱ्यांचे प्रमाण त्या देशाच्या खाणींच्या आवाक्याबाहेरचे होते, ही गोष्ट कागदपत्रे पाहणाऱ्या कोणालाही दिसण्यासारखी होती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने डिसेंबर २००० मध्ये या टोळीचे हिऱ्यांवरील वार्षिक उत्पन्न अडीच कोटी ते साडेबारा कोटी डॉलरच्या दरम्यान असावे, असा अंदाज दिला.

दहशत बसविण्याची या टोळीची रीत लिहिताना लेखणी अडखळते. माणसांचे हात तोडीत. लहान मुलांना पळवून नेऊन, नशेची द्रव्ये देऊन, त्यांच्या हाती बंदुका देत. कित्येकदा त्यांना आपल्याच गावावर हल्ला करायला लावीत, म्हणजे परतीची वाट कायमची बंद. सुमारे ५०,००० माणसे या युद्धात मेली, असा सर्वत्र दिला जाणारा अंदाज आहे.

सामोपचाराने प्रयत्न झाला नाही, असे नाही. जुलै १९९९ मध्ये लोमे येथे तह झाला. त्या तहाने सांकोला माफी मिळाली, उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा मिळाला आणि देशाच्या खनिज संपत्तीवर देखरेख करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपदही मिळाले. आडते बाजारातला कोणताही मुनीम सांगेल की चोराच्याच हाती तिजोरीच्या किल्ल्या दिल्यावर पुढे काय होते. तहाची अंमलबजावणी पाहण्यासाठी त्याच वर्षी ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना स्थापन झाली. तिचे पहिले सेनापती मेजर जनरल विजयकुमार जेटली हे भारतीय. मे २००० मध्ये टोळीने उलट खाल्ली. शांतिसेनेचे सुमारे ५०० जवान तिने ओलीस धरले आणि पूर्व सरहद्दीवरील कैलाहुन येथे भारतीय तुकड्यांना वेढा घातला. तेथे गुरखा रायफल्सचे जवान होते आणि यांत्रिक पायदळाचेही होते. त्यांचे एक नायक मेजर राजपाल पुनिया त्याच यांत्रिक पायदळाचे अधिकारी, ज्याचे केंद्र आपल्या नगरात आहे.

वेढा सुमारे ७५ दिवस चालला. या काळात वाटाघाटी होत राहिल्या, अन्नाचा तुटवडा पडत गेला. शस्त्र खाली ठेवा, मग सोडतो, असे टोळीचे म्हणणे. ते आपल्या जवानांनी मानले नाही. शेवटी १५ व १६ जुलै २००० रोजी 'ऑपरेशन खुकरी' झाले. हेलिकॉप्टरे आली, आजारी जवान व निःशस्त्र निरीक्षक आधी बाहेर काढले गेले आणि उरलेले पावसात, चिखलाच्या वाटेने लढत दारू नावाच्या ठाण्याकडे निघाले. (गावाचे नाव खरोखरच दारू आहे, आपल्या वाचकांनी दचकू नये.) दोनशेहून अधिक माणसे सुटली. एका भारतीय जवानाने प्राण दिला.

आता आपला प्रश्न या घटनेपुढे उभा करू.

श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताची मर्यादा काय, हे प्रथम नीट पाहिले पाहिजे. निरपराध त्रस जीवाची संकल्पपूर्वक हिंसा करणार नाही व करविणार नाही, अशी ती प्रतिज्ञा आहे. साधूंचे महाव्रत तीन करण, तीन योगांनी असते. श्रावकाचे सामान्यतः दोन करणांनी. अनुमोदनाचा त्याग त्यात येत नाही. यावरून कोणी म्हणेल की सैन्य पाठवायला नुसती संमती दिली तर व्रत भंगत नाही. ही पळवाट मला पटत नाही. आपण कर भरतो, मत देतो, आणि त्या पैशाने व त्या मताने सरकार सैन्य पाठविते. तेव्हा लोकशाहीतील नागरिकाची संमती नुसत्या अनुमोदनाच्या पलीकडे जाते; ती 'करविणे' या शब्दाच्या फार जवळ येते. राजाच्या काळी श्रावकाला 'राजाज्ञा होती' असे म्हणता येत होते. आज राजाही आपणच आणि प्रजाही आपणच.

मग आगमात उत्तर आहे काय? भगवती सूत्राच्या सातव्या शतकात महाशिलाकंटक आणि रथमुशल या दोन संग्रामांची हकीकत येते. मगधाचा कोणिक आणि वैशालीचा चेटक यांचे ते युद्ध. त्याचे कारण आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे: एक अठरा सरांचा हार आणि एक सेचनक हत्ती. हार-हत्ती घेऊन आश्रयास आलेल्याला परत देण्यास चेटकाने नकार दिला. शरणागताला सोडावयाचे नाही, हा त्याचा धर्म. परंतु रणातही दिवसाला एकच बाण सोडायचा, हे आपले व्रत त्याने मोडले नाही.

त्याच रणात वैशालीचा एक बारा व्रतधारी श्रावक होता, नागाचा नातू वरुण. बेल्याची तपश्चर्या चालू असता त्याला युद्धाची आज्ञा आली. त्याने बेल्याचा तेला केला आणि रथावर चढला. त्याचा नियम असा होता की जो प्रथम माझ्यावर प्रहार करील त्याच्यावरच मी प्रहार करीन. प्रतिस्पर्ध्याने त्याला आव्हान दिले तेव्हा त्याने आपला नियम सांगितला, पहिला बाण अंगावर घेतला आणि मग एका प्रहारात त्याला पाडले. नंतर रणातून बाहेर येऊन, आलोचना-प्रतिक्रमण करून, समाधिमरणाने देह ठेवला. शास्त्राने त्याला सद्गती सांगितली आहे.

येथे एक बारकावा फार मोलाचा आहे. गौतमस्वामींनी भगवंतांना विचारले की लोक म्हणतात, रणात मरणारा स्वर्गाला जातो, हे खरे काय? भगवंतांनी ते मिथ्या ठरविले. त्या दोन संग्रामांत लाखो माणसे मेली. बहुतेक सारी नरक व तिर्यंच गतीला गेली, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. वरुणाला सद्गती मिळाली ती त्याच्या व्रतामुळे व समाधीमुळे; रणात मरण्यामुळे मिळालेली नाही. आज हा उतारा वाचताना मला २०१४ साल आठवते. त्या वर्षी आपल्याच महाराष्ट्रातील कल्याणची चार तरुण मुले इराक-सीरियातील 'इस्लामिक स्टेट' या टोळीकडे गेली. त्यांतील एक काही महिन्यांनी परत आला. त्यांना आणि जगभरच्या अशा हजारो मुलांना रणातील मृत्यूच्या बदल्यात स्वर्गाचेच आमिष दाखविले गेले होते. अतिरेक्यांच्या भरतीचे हे दुकान ज्या एका वचनावर चालते, ते वचन भगवंतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी खोटे ठरविले आहे. आणि हे केवळ एका धर्माच्या अतिरेक्यांना लागू आहे, अशी आपली समजूत असेल तर ती सोडावी. हुतात्म्यांच्या नावाने घोषणा देताना हेच वचन आपणही वेगळ्या शब्दांत देत असतो.

वरुणाच्या नियमाने पाहिले तर कैलाहुनच्या जवानांचे कृत्य श्रावकाला मान्य करता येते, असे माझे मत आहे. पहिला प्रहार त्यांनी केला नाही. ७५ दिवस वाटाघाटींना दिले. गेले ते माणसे सोडवायला. मुलूख किंवा खाण बळकवायला गेले नाहीत. काम झाल्यावर परतले.

तरीही मन पूर्ण निःशंक होत नाही आणि होऊही नये. व्रतात 'निरपराध' हा शब्द आहे. टोळीच्या बाजूने बंदूक धरणाऱ्यांत दहा-बारा वर्षांची, पळवून आणलेली मुले असत. समोरून गोळी येते तेव्हा जवानाला वय विचारण्याची सवड नसते. वरुणाच्या समोरचा योद्धा स्वेच्छेने रथावर चढला होता. या मुलांबद्दल तसे म्हणता येत नाही. जो पक्ष 'विरोधी हिंसा' हा शब्द उच्चारून निश्चिंत होतो, त्याने या मुलांपुढे थोडा वेळ थांबावे.

परदेशी फौज बोलावण्याचे एक उदाहरण आपल्या परंपरेत आहे आणि ते अधिक अवघड आहे. उज्जयिनीच्या गर्दभिल्ल राजाने साध्वी सरस्वतीला बळाने अंतःपुरात नेले. तिचे बंधू कालकाचार्य यांनी राजाला समजावले, संघाने विनवणी केली, काही उपयोग झाला नाही. तेव्हा आचार्यांनी शकांच्या मुलखात जाऊन त्यांचे साही सरदार उज्जयिनीवर आणले. गर्दभिल्ल पडला, साध्वी सुटल्या. या कथेत दोन गोष्टी पुढे घडतात. आचार्यांनी प्रायश्चित्त घेतले. हेतू शुद्ध म्हणून हिंसा शुद्ध झाली, असे त्यांनी मानले नाही. आणि शक परत गेले नाहीत. त्यांनी मुलूख आपसात वाटून घेतला; विक्रमादित्याने त्यांना घालविले असे परंपरा सांगते, पण मधली वर्षे प्रजेने सोसली.

मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकमध्ये सैन्य घातले, तेव्हा भारतानेही फौज द्यावी म्हणून आग्रह झाला. दिल्लीत बराच ऊहापोह झाला. अखेर जुलैत वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशावाचून सैन्य पाठविणार नाही, असे ठरविले. तो नकार शहाणपणाचा होता. साही सरदारांच्या मागे उरते तशी अंदाधुंदी इराकमध्ये उरली आणि तिच्यातूनच पुढे 'इस्लामिक स्टेट'ची टोळी वाढली. जून २०१४ मध्ये तिने मोसुल घेतले. तेथे रोजगाराला गेलेले आपले ३९ मजूर तिने मारले. त्यांच्या मृत्यूची खात्री सरकारने मार्च २०१८ मध्ये सांगितली. तिक्रितमधील ४६ भारतीय परिचारिका मात्र जुलै २०१४ मध्ये, भारताने एकही गोळी न झाडता, सुखरूप परत आल्या. त्या टोळीवर इतर देशांनी बाँब टाकले, भारत त्यात उतरला नाही. सिंजारच्या डोंगरावर अडकलेल्या यजिदी कुटुंबांना वाचविण्यासाठी ज्यांनी शस्त्र चालविले, त्यांना दोष देण्यास मी धजत नाही. परंतु आकाशातून शहरावर बाँब टाकणाऱ्याला 'जो प्रहार करील त्याच्यावरच प्रहार' हा नियम पाळता येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

आता त्या दुसऱ्या धाग्याकडे येतो. खरे तर याच्यासाठीच मी सिएरा लिओनचे उदाहरण निवडले.

सैन्य पाठवावे की नाही, हे दिल्ली ठरविते. त्या टोळीचा हिरा विकत घ्यावा की नाही, हे कोण ठरवीत होते? अँटवर्पपासून मुंबईपर्यंत गादीवर बसलेला व्यापारी. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात, आणि या व्यापारात पालनपुरी जैन बांधवांनी मिळविलेल्या स्थानाचा आपल्याला अभिमान आहे. एखाद्या पेढीने जाणूनबुजून रक्ताचा हिरा घेतला, असे म्हणण्यास माझ्याकडे आधार नाही व तसा माझा रोखही नाही. परंतु खडा एकदा पुडीत पडला की तो कोनोच्या गाळातला की दुसऱ्या देशाच्या खाणीतला, हे डोळ्यांना सांगता येत नाही. कागद सांगेल ते खरे, आणि कागद लायबेरियाचा असे.

तिसऱ्या अणुव्रताचे अतिचार आपण प्रत्येक प्रतिक्रमणात म्हणतो. स्तेनाहृत, म्हणजे चोरीचा माल घेणे. तस्करप्रयोग, म्हणजे चोराला साह्य करणे. विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या मनाईचे उल्लंघन करून सीमेपलीकडे व्यापार करणे. मग खोटे माप आणि भेसळ. हे पाच अतिचार कोणा योद्ध्यासाठी सांगितलेले नाहीत. ते सरळ आपल्या दुकानात येऊन उभे राहतात. सिएरा लिओनच्या युद्धात पहिले तिन्ही एका पुडीत बांधलेले होते. पंधरा कर्मादानांतील फोडीकर्म, म्हणजे जमीन फोडण्याचा धंदा, तो निराळाच.

अहिंसेवर दोन तट पडतात, पण चोरीचा माल घेऊ नये यावर एकही तट पडत नाही. तरी मंडळात वाद पहिल्याच प्रश्नावर रंगला, याचे मला नवल वाटत नाही. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याने द्यावयाचे असते.

जुलै २००० च्या ५ तारखेला, खुकरीच्या दहा दिवस आधी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने सिएरा लिओनच्या सरकारी दाखल्यावाचून येणाऱ्या कच्च्या हिऱ्यांवर बंदी घातली. जानेवारी २००३ पासून 'किंबर्ली प्रक्रिया' सुरू झाली: कच्चा हिरा मोहोरबंद पेटीत, सरकारी प्रमाणपत्रासह जायचा, आणि सदस्य देशाने सदस्याखेरीज दुसऱ्याशी त्याचा व्यापार करायचा नाही. भारत प्रारंभापासून सदस्य आहे आणि २००८ व २०१९ साली त्याने अध्यक्षपदही भूषविले. युद्ध जानेवारी २००२ मध्ये संपल्याचे जाहीर झाले. सुमारे ७५ हजार लढवय्यांनी शस्त्रे खाली ठेवली. सांको २००३ मध्ये कैदेत मेला. लायबेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांना २०१२ साली पन्नास वर्षांची शिक्षा झाली. सैन्याने की बंदीने, कशाने हे साधले, असा हिशेब मांडण्याचा मोह व्यापाऱ्याला होईल. जमाखर्च इतका सुटा नाही. ब्रिटिश फौजही आली होती, शेजारच्या गिनीनेही टोळीला मार दिला होता. मात्र भारतीय तुकड्या शेवटपर्यंत राहिल्या नाहीत. मोहिमेतील वरिष्ठांच्या वादात जेटलींनी काही नायजेरियन अधिकाऱ्यांवर हिऱ्यांच्या व्यवहारात गुंतल्याचा आरोप केलेला टिपणवजा मजकूर बाहेर फुटला, आणि सप्टेंबर २००० मध्ये भारताने सैन्य परत बोलावण्याचे जाहीर केले. टोळीला रोखायला गेलेल्यांवरही तोच खडा संशय पाडून गेला!

त्या प्रमाणपत्रातही फट आहे, ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. किंबर्लीच्या व्याख्येप्रमाणे बंडखोर टोळी सरकारविरुद्ध लढण्यासाठी ज्या कच्च्या हिऱ्याचा पैसा वापरते, तोच निषिद्ध. सरकारच्याच फौजेने खाणीवर माणसे मारली तर तो हिरा व्याख्येत बसत नाही. झिंबाब्वेच्या मरांगे खाणींवर २००८ साली तसे घडले व त्यावरून या संघटनेत तीव्र मतभेद झाले. आणि पैलू पडलेल्या हिऱ्याला ते सरकारी प्रमाणपत्र लागतच नाही. तेथे विक्रेत्याने बिलावर लिहून दिलेली हमी चालते. म्हणजे सराफ बाजारातील आपल्या दुकानात सुनेसाठी हिऱ्याच्या कुड्या पाहिल्या जातात, तेव्हा त्या शेवटच्या ओळीचा अर्थ एका माणसाच्या शब्दाइतकाच असतो.

भामाशहाने राणा प्रतापांपुढे थैली मोकळी केली, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पैशाने सैन्य उभे राहते, हे त्या गोष्टीतले सत्य. कोनोच्या टोळीचे सैन्यही पैशानेच उभे राहिले होते, आणि तो पैसा अखेर कोणाच्या तरी बिलातून गेला होता. पत्रलेखक बंधूंच्या मंडळाने पुढील बैठकीत हे दुसरे प्रकरणही घ्यावे. मंडळात दोन-तीन सराफ सदस्य आहेत असे त्यांनीच लिहिले आहे, त्यांनी आपापल्या खरेदीची बिले बरोबर आणावीत आणि ती हमीची ओळ किती बिलांवर आहे ते पाहावे.